हज्जियाच्या गाडीचा बोल्ट

त्या हिवाळ्यात माझं काम होतं लोकांना फोन करून सांगणं, की तुमच्या गाडीचा एक बोल्ट ढिला असू शकतो.

इथे आखातात, सलमाबादच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी नोकरी करते तिथे हौसेच्या गाड्या विकतात आणि दुरुस्त करतात. वाळूवर पळवायच्या चार चाकी क्वाड बाइक, समुद्रातल्या जेट-स्की, असल्या. मी काउंटरला असते. गाडी आत घ्यायची, काय बिघडलंय ते विचारायचं, मेकॅनिकला सांगायचं, झाली की मालकाला कळवायचं. लग्नाआधी सांगलीत दुचाकीच्या शोरूममध्ये हेच करत होते, त्यामुळे इथे येऊन नवीन काही शिकावं लागलं नाही. नवरा बँकेत आहे. आम्ही जुफैरला राहतो, मुलगी इथल्या शाळेत जाते.

ज्या कंपनीच्या क्वाड आम्ही विकतो ती कंपनी एका थंड देशातली. तिचा मूळ धंदा बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा. एक दिवस तिच्याकडून सूचना आली, की अमुक काळात बनलेल्या स्नोमोबिलच्या सस्पेन्शनचे बोल्ट तपासून घ्या, ते सुटू शकतात. सोबत एक फोटो होता. पांढरं रान, पांढरं आभाळ आणि मधे लाल गाडी. आमच्याकडे स्नोमोबिल कुठून असणार? आमच्या मेकॅनिकनं तो फोटो वर्कशॉपच्या एसीवर चिकटवला आणि म्हणाला, "आता गार वाटंल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुसरी सूचना आली आणि ती मात्र आमच्यासाठी होती. तोच बोल्ट क्वाडच्या पुढच्या चाकांनाही बसवलेला होता. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा जो लोखंडी आर्म असतो, तो या बोल्टवर वरखाली हलतो. नट फिरत फिरत सुटला तर बोल्ट बाहेर सरकतो आणि चाक आत दुमडतं. गाडी उभी असेल तर काही नाही. गाडी पळत असेल तर माणूस हँडलवरून पुढे. सूचनेत एवढंच लिहिलं होतं, की गंभीर इजा होऊ शकते. ते "होऊ शकते" माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघेना.

आणि दिवस नेमके कॅम्पिंगचे होते. हिवाळ्यात इथली माणसं सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकतात, महिनोन्महिने ठेवतात, सुट्टीच्या दिवशी अख्खं कुटुंब तिथे. तंबूला वीज, टीव्ही, स्वयंपाकघर. आणि दारात क्वाड. म्हणजे वर्षभर झाकून ठेवलेल्या सगळ्या गाड्या तेव्हाच बाहेर निघालेल्या.

"फोन करा सगळ्यांना," मॅनेजर म्हणाले. "येतील ते येतील."

मी फोन करत सुटले. काहीजण लगेच आले. बरेचसे म्हणाले, सीझन संपू दे, मग आणतो. कोणी म्हणालं गाडी मस्त चालतेय, कशाला हात लावायचा. अदलियात ऑफिस असलेले एक पुण्याचे इंजिनिअर होते, ते म्हणाले, "अहो, आम्ही वर्षातून दोनदा काढतो ती. एवढी काय घाई?" मी म्हटलं, सर, त्या दोनपैकी कुठल्याही वेळी होऊ शकतं. ते हसले आणि मीटिंग आहे म्हणाले.

घरी आले तरी माझं मन ठिकाणावर नसायचं. बागेत मुलगी झोपाळ्यावर बसली की मी आधी साखळीची कडी हलवून बघायची. लिफ्ट जरा खडखडली की आतली दांडी घट्ट धरायची. जेवायला बसले की मधेच उठून पोळ्यांच्या डब्याचं झाकण नीट लागलंय का ते बघून यायची, खरं तर झाकणाचं काही नव्हतं, बसवत नव्हतं एवढंच.

"आई, व्हाय आर यू वॉकिंग?" मुलगी विचारायची.

नवरा एकदा वैतागला. "तू कळवलंस ना त्यांना?"

"कळवलं."

"मग तुझं काम झालं."

"कळवलं म्हणजे झालं?"

"झालं. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं." तो बँकेतला माणूस आहे, त्याच्या कामात कळवलं की होतं.

एक नंबर मात्र उचललाच जात नव्हता. सकाळी लावला, दुपारी लावला. शेवटी एका बुधवारी उचलला. चाळिशीचा असावा असा आवाज, सरकारी कचेरीत काम करणारा माणूस, इंग्रजी चांगलं. मी माझं नेहमीचं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "सिस्टर, गाडी माझ्या नावावर आहे, पण ती माझ्या आईची आहे."

मला वाटलं, आईची म्हणजे आईच्या पैशांनी घेतलेली. मी म्हटलं, चालवतं कोण?

"आई," तो म्हणाला. "आणि ती गाडी वर्कशॉपला सोडणार नाही. तुम्हीच कॅम्पवर या. उद्या दुपारी मी असेन."

गुरुवारी दुपारी मी आणि मेकॅनिक पिकअप घेऊन निघालो. हा मेकॅनिक गुहागरकडचा, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. कामात चोख, पण वेळेनंतर कोणी थांबवलं की कपाळाला आठ्या. शुक्रवारी मित्रांबरोबर गळ टाकायला जायचा त्याचा नेम, आणि गुरुवार संध्याकाळ त्याच्या तयारीची. नवे बोल्ट आणि पाने मागे टाकून तो गाडी हाणत होता.

"म्हातारी क्वाड चालवते म्हणजे काय ओ, मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडे म्हातारीला रिक्षात चढवायला दोन माणसं लागतात."

सखीरला डांबरी रस्ता सोडून आत वळलो. जमिनीवरून गेलेले तेलाचे पाइप, लांबवर मान हलवणारे पंप, आणि मग तंबूच तंबू, कापडाची कुंपणं घातलेले. त्या बाईच्या मुलानं फोनवरून पाठवलेल्या ठिकाणी पोचलो आणि उतरतोय तोच डावीकडून धुरळा उडवत एक क्वाड आली. वर काळा अबाया, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, हँडलला प्लास्टिकची पिशवी अडकवलेली आणि तिच्यात कोथिंबीर. तंबूच्या दाराशी तिनं गाडी अगदी नीट लावली, किल्ली काढून अबायाच्या आत टाकली आणि मग उतरायला लागली. चालवताना जी बाई सरळ ताठ होती तिला उतरायला पाच मिनिटं लागली. गुडघे गेलेले होते. वाळूत तिला चार पावलंही धड टाकता येत नव्हती.

मुलगा तंबूतून पुढे झाला, तिच्याशी अरबीत बोलला. तिनं आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि माझ्याशी सरळ हिंदीत बोलली. तिच्या नवऱ्याचं मनामाच्या बाजारात कापडाचं दुकान होतं, शेजारी सगळे हिंदुस्थानी, तिथे ती शिकली होती.

"तुमको मेरा बेटा भेजा?"

"नहीं, हज्जिया," मी म्हटलं. इथे वयस्क बाईला मान देऊन तसं म्हणतात. "कंपनी ने भेजा."

"मेरा गाडी अच्छा है. मफी मुश्किल." काही अडचण नाही, असं तिचं म्हणणं.

"सिर्फ देखेंगे."

"पहले मेरा मोटार देखने ले गया. वो वापस नहीं आया." असं म्हणून तिनं मुलाकडे बोट केलं.

मुलगा हसला, पण नीट नाही. नंतर त्यानं मला सांगितलं, की वर्षापूर्वी तिनं मोटार भिंतीला घासली, तेव्हा भावंडांनी मिळून किल्ली काढून घेतली. तेव्हापासून ती घरात बसून होती. कॅम्पला आली आणि तिनं नातवंडांची ही क्वाड ताब्यात घेतली. तिची बहीण पलीकडच्या टोकाला तंबू ठोकून होती. रोज दुपारी ही तिच्याकडे जायची.

बरीच बोलाचाली झाल्यावर तिनं गाडीला हात लावू दिला, पण तिथेच, तिच्या डोळ्यांसमोर. खुर्ची मागवून ती गाडीच्या शेजारी बसली. मेकॅनिकनं सतरंजी टाकली आणि आडवा होऊन पुढच्या चाकाआड हात घातला. उजवीकडचा घट्ट होता. डावीकडे गेला आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात घाला हिते."

मी गुडघ्यावर बसून हात घातला. नट बोटांनी फिरत होता. पाना न लावता, बाटलीचं झाकण फिरावं तसा. बोल्ट थोडा बाहेर आलेला. मघाशी ही बाई या चाकावरून, धुरळा उडवत, कोथिंबीर घेऊन आली होती. मला एकदम कसंतरी झालं आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण मी मान वर केली तेव्हा हज्जिया माझ्याकडेच बघत होती.

मेकॅनिकनं दोन्हीकडचे बोल्ट काढून नवे घातले. लांब दांड्याचा पाना लावून कट्ट आवाज येईपर्यंत आवळले. मग पांढऱ्या रंगाच्या पेनानं नटावरून खाली आर्मपर्यंत एक रेघ ओढली. नट जरासा जरी फिरला तरी ती रेघ तुटते, म्हणजे नुसत्या नजरेनं कळतं. अर्ध्या तासात सगळं झालं.

तो हत्यारं आवरत असताना मुलगा मला बाजूला घेऊन गेला.

"सिस्टर, एक मदत करा. तिला सांगा की हा पार्ट इथे मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल. गाडी घेऊन जा. सीझन संपला की मी ती विकून टाकतो."

"पण पार्ट बसवला."

"मला माहितीये. पण तुम्ही पाहिलंत ना तिला? आज बोल्ट आहे. उद्या खड्डा असेल, परवा समोरून कोणी पोरगा येईल." तो वाईट माणूस नव्हता. बोलताना आईकडे पाठ करून उभा होता, तिला ओठ वाचता येत असावेत तसा.

मी मेकॅनिककडे गेले आणि मराठीत सांगितलं. त्याला ते पटलं. "घेऊन जाऊया की, मॅडम. कशाला म्हातारीच्या जिवाशी खेळ? पोरगा सांगतोय तर आपल्याला काय."

"खोटं सांगायचं?"

"चांगल्यासाठीच ना?"

मी काय विचार केला ते मला नीट सांगता येणार नाही. मनात एवढंच आलं, की मी महिनाभर लोकांना फोनवर सांगतेय, बोल्टचं खरं आहे, विश्वास ठेवा, आणि आता हिला बोल्टचंच खोटं सांगायचं. शिवाय ती बघत होती. मी तिच्यासमोर जाऊन सांगितलं, "हज्जिया, बोल्ट ढिला था. अभी नया लगाया. अभी गाडी बराबर है."

मुलगा वळून तंबूत गेला.

"ढिला था?" तिनं विचारलं. "कब से?"

"वो मालूम नहीं."

"मैं रोज चलाया."

"हां."

तिनं खाली वाकून चाकाकडे बघायचा प्रयत्न केला, पण खुर्चीतून तिला तिथवर दिसेना. मी तिला रेघेचं सांगितलं, रेघ सरळ म्हणजे सगळं ठीक. ती "अच्छा, अच्छा" म्हणाली, चहा पाजला, खजूर दिले. निघताना तिनं माझा नंबर मागून घेतला.

शनिवारी दुपारी पहिला फोन आला. "आवाज आता है."

"कैसा आवाज?"

"टिक, टिक."

मी म्हटलं रेघ बघा. तिला रेघ दिसत नव्हती, डोळे अधू, आणि वाकता येत नव्हतं. नातीला बघायला सांगा म्हटलं तर नात शहरात. सोमवारी पुन्हा फोन. मंगळवारी पुन्हा. मेकॅनिकला मी हातापाया पडून पाठवलं. तो जाऊन आला आणि पाना काउंटरवर ठेवत म्हणाला, "चिखलफळीत खडा अडकलेला. खडा काढला. बोल्टला काय धाड भरलेली नाय."

त्यानंतर फोन थांबले. मला बरं वाटलं आणि मी बाकीच्या नंबरांच्या मागे लागले.

साधारण दोन आठवड्यांनी तिचा मुलगा वर्कशॉपला आला. हातात इथल्या हलव्याचा मोठा डबा. काउंटरवर ठेवून म्हणाला, "थँक यू, सिस्टर. तुम्ही केलंत ते फार छान झालं. तिनं गाडी सोडली."

"सोडली म्हणजे?"

"चालवतच नाही आता. किल्ली मला स्वतःहून दिली. म्हणाली, मला आवाज येतो."

"मी तसं काही सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "गाडी चांगली आहे, हेच सांगितलं."

"हो ना. मी सांगून ऐकलं नसतं." त्यानं डबा माझ्याकडे सरकवला. "आता दिवसभर तंबूत असते. मावशीकडे पण जात नाही. मी मोटारीनं सोडतो म्हटलं तर नको म्हणते. म्हणते, मला कोणी सामानासारखं उचलून ठेवायचं नाही."

"आणि मावशी?"

"ती मोठी आहे. ती म्हणते, धाकटीनं यायचं." तो हसला. "होईल सवय. इंशाल्ला."

तो गेल्यावर हलवा मी सगळ्यांना वाटला. मेकॅनिकनं दोन वाट्या खाल्ल्या. मी माझीही वाटी त्याला दिली.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. भात वाढता वाढता सांगत होते. तो म्हणाला, "मग बरंच झालं की. खोटंही बोलावं लागलं नाही आणि म्हातारीही सुरक्षित."

त्याचं चूक नव्हतं. तरी मी ताटावर बसू शकले नाही. स्वयंपाकघरात गेले, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. मला त्या बाईच्या चाकाखालून फक्त एक ढिला बोल्ट काढायचा होता. तिनं एवढे दिवस वारा तोंडावर घेत बहिणीकडे जायचं आणि माझ्या एका वाक्यानं खुर्चीत बसून राहायचं, असं मला कुठे करायचं होतं? पण मग काय सांगायला हवं होतं? काहीच न सांगता बोल्ट बदलून निघून यायला हवं होतं? ते तरी बरोबर झालं असतं का? हात काही थांबेनात.

"या शुक्रवारी सखीरला जाऊया," मी बाहेर येऊन म्हटलं.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "काय करणार आहेस जाऊन?"

"माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला कुठे वाद घालायचा नाही ते कळलं आहे.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. वर्कशॉपमधून मी दोन हेल्मेटं घेऊन ठेवली होती, मॅनेजरना विचारून. हज्जिया तंबूच्या दारातल्या त्याच खुर्चीत होती. मला बघून तिला आनंद झाला, मुलीला जवळ घेऊन तिनं तिच्या मुठीत चॉकलेटं कोंबली. क्वाड बाजूला ताडपत्रीखाली होती. मुलगा पुरुषांच्या तंबूत पाहुण्यांबरोबर होता, तो आला, नवऱ्याला घेऊन गेला.

चहा झाल्यावर मी विचारलं, "हज्जिया, गाडी क्यूं बंद?"

तिनं छातीवर हात ठेवला. "डर बैठ गया." मग म्हणाली, "पहले ढिला था, मैं अच्छा चलाया. अभी ठीक है, मैं चला नहीं सकता. ये क्या बात है?"

मलाही तोच प्रश्न होता. मी लिफ्टमध्ये चढताना तोच प्रश्न असतो.

"मैं पीछे बैठती हूं," मी म्हटलं. कसं तोंडातून निघालं कोण जाणे. इतकी वर्षं मी या गाड्यांच्या काउंटरला उभी आहे, पण एकीवरही कधी बसले नव्हते.

"तुम?"

"हां. बोल्ट मेरा आदमी लगाया. मैं बैठती हूं."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मुलाला हाक मारून किल्ली मागितली. तो धावत आला. मग त्याच्यात आणि तिच्यात अरबीत जे झालं त्यातलं मला फक्त "खलास" कळलं, तेही तिचं. किल्ली तिच्या हातात आली. हेल्मेटवरून पुन्हा एक वाद झाला. डोक्यावरच्या शेल्यावरून घालणार नाही म्हणाली. मी म्हटलं, मग मी बसणार नाही. शेवटी घातलं, आणि आरशात बघून स्वतःच हसली. नवरा लांब मुलीचा हात धरून उभा होता.

ती अगदी हळू निघाली. मी मागच्या कडीला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. पहिल्याच उंचवट्यावर पुढचं चाक वर उचललं आणि खाली बसलं. कागदावर वाचलेलं सगळं मला आठवायला लागलं. आर्म वर जातो, खाली येतो, बोल्ट फिरतो. त्या वेळी मला खात्री होती की आता ते चाक दुमडणार.

तिनं गाडी थांबवली. "आवाज."

मी उतरले, वाळूत गुडघे टेकले आणि चाकाआड डोकं घातलं. पांढरी रेघ जशीच्या तशी, सरळ. तरी मी नटाला बोटं लावून जोर केला. हलला नाही.

"सीधा है," मी म्हटलं.

"दूसरा साइड?"

दुसरी बाजू बघितली. तीही सरळ. पुन्हा चढले. शंभरएक पावलांवर तिनं पुन्हा थांबवली. पुन्हा उतरले, पुन्हा बघितलं. हेल्मेटाआत घाम येत होता, ओढणी वाळूनं भरली होती. एक तरुणांचा घोळका आमच्या बाजूनं क्वाड उडवत गेला, वळून बघत. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, म्हातारी गाडीवर बसलीये आणि एक हिंदुस्थानी बाई दर थोड्या वेळानं चाकाला डोकं टेकतेय.

तिसऱ्यांदा खरोखरच काहीतरी खट्ट वाजलं. माझ्याही कानांवर आलं. मी उतरायच्या तयारीत होते, पण तिनं गाडी थांबवली नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिनं मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाली, "पत्थर है." आणि वेग वाढवला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आम्ही सपाट जागेवर आलो होतो, पंप मागे पडले होते, आणि मी मागे बसलेय हे विसरून गेल्यासारखी ती पुढे झुकून चालवत होती.

बहिणीचा तंबू मोठा होता. बहीण बाहेर गालिच्यावर बसून कसलीतरी भाजी निवडत होती. हेल्मेट घातलेल्या हज्जियाला तिनं आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा परत भाजी निवडायला लागली. हज्जिया उतरली, माझ्या खांद्याचा आधार घेत गालिच्यापर्यंत गेली, बसली, आणि दोघी भांडायला लागल्या. भांडण बरंच जुनं असावं, कारण कोणालाही आठवावं लागत नव्हतं. भांडता भांडता हज्जियानं बहिणीच्या पुढ्यातली अर्धी भाजी आपल्याकडे ओढली आणि तीही निवडू लागली. कुणीतरी मला चहा आणून दिला. त्या दोघी मला विसरल्या होत्या.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी उठले. हज्जिया म्हणाली, बस, मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर मी सोडते. मी म्हटलं, अंधारात तुम्ही चालवायचं नाही, मुलाला येऊ दे मोटार घेऊन. ती नाही म्हणाली नाही. मी हेल्मेट हातात घेऊन चालत निघाले.

चालताना कळलं, की आपण बरेच लांब आलो होतो. पायाखाली वाळू कमी आणि बारीक खडी जास्त. आजूबाजूनं क्वाड जात होत्या, लहान, मोठ्या, काही आमच्याच कंपनीच्या. प्रत्येकीच्या पुढच्या चाकाकडे माझी नजर जायची, आणि एवढ्या वेगात काहीही दिसायचं नाही. आमच्या कंपनीची एक जवळ येऊन थांबली. वरचे दोघे विशीतले, मी वाट चुकले का विचारत होते. मी म्हटलं, नाही, पण तुमचं पुढचं चाक बघू? ते एकमेकांकडे बघायला लागले. मी वाकून बघितलं. बोल्ट वेगळा होता, नंतरच्या काळातला. मी म्हटलं, छान आहे, जा. ते हसत गेले.

नवरा गाडीला टेकून उभा होता. मुलगी आत झोपली होती, तोंडाला चॉकलेट.

"पोचलीस?" त्यानं विचारलं.

"पोचलो."

"आणि बोल्ट?"

"आहे जागेवर."

त्यानं माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि दार उघडलं. रस्ताभर मी पायातली चप्पल काढून वाळू झटकत राहिले.

हज्जिया सीझन संपेपर्यंत चालवत राहिली, दिवसाउजेडी. मुलाशी माझं पुढे दोनदा बोलणं झालं, दोन्ही वेळा तो नीट बोलला, पण सिस्टर म्हणायचं त्यानं सोडलं होतं, मॅडम म्हणत होता.

सखीरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वर्कशॉप उघडल्यावर मी नेहमीसारखी फोन घेऊन बसले. पहिलाच माणूस म्हणाला, आता यायला जमणार नाही. इतर वेळी मी बरं म्हणून पुढचा नंबर लावला असता. त्या दिवशी मी विचारलं, "तुमचा कॅम्प नेमका कुठे आहे?" तो सांगू लागला. समोर मेकॅनिक हात पुसत उभा होता. त्यानं माझं बोलणं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पिकअपची किल्ली शोधायला गेला.